परक्या किनाऱ्याचा जाणकार



स्मृतिव्याख्यानासाठी एखाद्या संताचे, सुधारकाचे अथवा देशभक्ताचे चरित्र निवडावे, अशी आपल्याकडे रूढी आहे, आणि ती चांगली रूढी आहे. आज मी ती बाजूस ठेवून एका इंग्रज नौसेनानीचे चरित्र आपल्यापुढे मांडणार आहे. आणि तेही अशा नौसेनानीचे, की ज्याने एके दिवशी मुंबईच्या नभोवाणीवरून आपल्याच हुकमतीखालच्या हिंदी आरमाराला विनाशाची धमकी दिली होती. ‘हा विषय आमच्यापुढे कशासाठी?’ असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

अॅडमिरल जॉन हेन्री गॉडफ्री हे त्या गृहस्थाचे नाव. दुसऱ्या महायुद्धाची पहिली तीन वर्षे ते ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते. जर्मन पाणबुडी कोठे असेल, शत्रूचा सेनापती उद्या काय करील, नॉर्वेच्या अमुक खाडीत गलबत लागण्याइतके पाणी आहे की नाही, हे जाणून घेणे हा त्यांचा व्यवसाय. आणि त्या व्यवसायात त्यांच्या तोडीची माणसे त्या युद्धात फार थोडी झाली. पुढे हेच गृहस्थ हिंदी आरमाराचे प्रमुख म्हणून आपल्या देशात आले, आणि १९४६ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच खलाशांनी मुंबईच्या बंदरात काम थांबवले. शत्रूचे मन शेकडो कोसांवरून वाचणाऱ्या या मनुष्याला आपल्या पंक्तीच्या माणसांचे मन का वाचता आले नाही? हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. तो एका माणसाच्या चरित्राचा प्रश्न आहे, तसाच तो सत्ता आणि सत्य यांच्या नात्याचाही आहे, आणि म्हणून तो आपला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी मी या चरित्राचे तीन भाग करतो. पहिला भाग दारदानेल्सचा, दुसरा लंडनमधील एका खोलीचा, आणि तिसरा आपल्या मुंबईचा.

प्रथम दारदानेल्स. गॉडफ्री यांचा जन्म १८८८ सालचा. पंधराव्या वर्षी मुलाने आरमारात दाखल व्हावे आणि मग उभा जन्म त्या गणवेशात काढावा, अशा काळातले ते मूल. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा त्यांची पंचविशी नुकतीच उलटली होती, आणि त्या युद्धात ‘युरायलस’ नावाच्या क्रूझर नौकेवर ते नौकानयनाचे अधिकारी होते. नौकानयनाचा अधिकारी म्हणजे कोण? तोफा दुसऱ्याच्या, हुकूम कप्तानाचा, पण पाण्याखाली काय आहे हे सांगण्याची जबाबदारी याची. नकाशा चुकला तर जहाज खडकावर जाते आणि दोष याच्या माथी येतो. न पाहिलेल्या गोष्टीचे अचूक ज्ञान मिळवावयाचे, ही शिस्त या मनुष्याच्या अंगात अशी मुरली.

१९१५ साली दारदानेल्स ही तुर्कस्तानची सामुद्रधुनी फोडून इस्तंबूल गाठण्याचा बेत ठरला. त्या मोहिमेचा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. मी त्यातील दोनच प्रसंग सांगतो. ‘नुसरेत’ नावाच्या एका लहानशा तुर्की नौकेने मार्चच्या आरंभी एका रात्री गुपचूप सव्वीस पाणसुरुंग पेरले, आणि ते कोणी पेरले, कोठे पेरले, याचा पत्ता इंग्रज-फ्रेंच आरमाराला लागला नाही. १८ मार्च रोजी त्या आरमाराच्या तीन बलाढ्य युद्धनौका बुडाल्या. हा एक प्रसंग. दुसरा २५ एप्रिलच्या पहाटेचा. गॅलिपोली द्वीपकल्पाच्या टोकाशी ज्या वाळवंटावर ‘युरायलस’वरून लँकेशायरची पलटण होड्यांतून उतरवली गेली, तेथे उथळ पाण्यातच काटेरी तारा पसरलेल्या होत्या. ती माणसे तारांत अडकली, वरून बंदुकांचा मारा झाला, आणि किनारा हाती आला तोवर पलटणीचा फार मोठा भाग कामास आला होता. ज्या जहाजाने ती माणसे तेथवर आणली, त्या जहाजाचा मार्ग आखणारे अधिकारी गॉडफ्री होते.

शौर्य कमी पडले होते काय? मुळीच नाही. दारूगोळा कमी पडला होता काय? तोही मुख्य प्रश्न नव्हता. कमी पडली ती माहिती. किनारा परका होता, आणि परक्या किनाऱ्याची माहिती ज्याला नाही, त्याच्या शौर्याची किंमत त्याच्या सैनिकांना रक्ताने मोजावी लागते. पंचवीस वर्षांनी गॉडफ्री यांनी जे काम उभे केले, त्याकडे पाहिले म्हणजे हा धडा त्यांच्यापुरता वाया गेला नव्हता हे ध्यानात येते.

युद्धाच्या उत्तरार्धात भूमध्य समुद्रातील सेनापतीच्या कचेरीत त्यांनी काम केले, आणि दोन युद्धांमधल्या शांततेत बढतीच्या पायऱ्या ते एकेक करून चढत गेले. ग्रीनिचचे नाविक विद्यालय, नौदल खात्यातील आखणी विभाग, चीनच्या समुद्रावरील नौकांची हुकमत, आणि शेवटी ‘रिपल्स’ या प्रचंड युद्धनौकेचे कप्तानपद, या सगळ्यांवरून मी आपल्याला झपाट्याने पुढे नेतो. कारण १९३९ च्या आरंभी त्यांना जी जागा मिळाली, तिच्यासाठीच जणू हा सारा प्रवास झाला होता.

आता दुसरा भाग. लंडनमध्ये नौदल खात्याच्या इमारतीत एकोणचाळीस क्रमांकाची एक खोली होती. त्या खोलीतून गुप्तवार्ता विभागाचा कारभार चाले, आणि शेजारच्या दालनात गॉडफ्री बसत. पहिल्या महायुद्धात हीच जागा अॅडमिरल हॉल यांनी गाजवली होती. जर्मन परराष्ट्रमंत्र्याची मेक्सिकोस धाडलेली गुप्त तार उलगडून अमेरिकेचे मत फिरवण्यास हातभार लावणारे तेच हॉल. गॉडफ्री यांनी या वृद्ध पूर्वसूरीचा सल्ला मनोभावे घेतला. आपल्याकडे अधिकारी बदलला की पूर्वीच्याचे दप्तर बासनात बांधण्याची घाई होते, म्हणून ही गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते.

मग त्यांनी माणसे निवडली, आणि कोठून निवडली? गणवेशाबाहेरून. समभागांच्या बाजारात दलाली करणाऱ्या इयान फ्लेमिंग नावाच्या एकतीस वर्षांच्या तरुणाला त्यांनी आपला खास साहाय्यक केले. याच फ्लेमिंगने पुढे जेम्स बाँड निर्माण केला, आणि त्या कथांतील ‘एम’ या अधिकाऱ्यात गॉडफ्री यांची छटा उतरली, हे आपल्यापैकी तरुण श्रोत्यांना ऐकून ठाऊक असेल. परंतु माझ्या मते त्याहून मोठी निवड रॉजर विन यांची. बालपणीच्या पोलिओने ज्यांचे शरीर अधू झाले होते, असा हा बॅरिस्टर. आरमाराच्या कोणत्याही नियमाने त्यांना जहाजावर घेतले नसते. पण परस्परविरोधी साक्षींतून सत्य काढण्याची सवय वकिलाला असते, हे ओळखून जर्मन पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या कक्षाचे प्रमुखपद १९४१ मध्ये त्यांच्याकडे सोपवण्यात आले. अटलांटिकवरील जहाजांचे काफिले कोणत्या वाटेने न्यावेत, हे त्या अपंग बॅरिस्टराच्या तर्कावर ठरू लागले आणि असंख्य खलाशांचे प्राण वाचले.

नॉर्वेच्या १९४० च्या मोहिमेत दारदानेल्सचीच पुनरावृत्ती झाली. सैन्य उतरवले, पण किनाऱ्याची धड माहिती नव्हती. तेव्हा ऑक्सफर्डला गॉडफ्री यांच्या प्रेरणेने भूवर्णनाचा एक स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्यात प्राध्यापक आले, भूगोलवेत्ते आले. आणि आरमारासाठी देशोदेशींचे जे भूगोलग्रंथ ऑक्सफर्डला तयार झाले, त्यांची धुरा केनेथ मेसन यांनी वाहिली. हे मेसन आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नोकरीत हिमालय मोजून ऑक्सफर्डच्या अध्यासनावर गेलेले विद्वान होते. पुढे नभोवाणीवरून लोकांना आवाहन झाले, की परदेशच्या किनाऱ्यांवर सुटीत काढलेली आपली छायाचित्रे सरकारला धाडा. घराघरांतील संग्रहांतून छायाचित्रांचा पूर लोटला. एखादे मूल वाळूत खेळत आहे, त्याची आई छत्रीखाली बसली आहे, आणि मागे दिसणाऱ्या बांधाची उंची किती, हे ऑक्सफर्डमधील एक तज्ज्ञ भिंगातून मोजत आहे! १९१५ साली ज्या ज्ञानावाचून माणसे तारांत अडकून मेली, ते ज्ञान आता सामान्य कुटुंबांच्या आठवणींतून गोळा होत होते.

बातमी हाती आली तरी ती खरी किती? आपल्या पेशवे दप्तरात अखबारांची रास आहे, आणि जासुदाने आणलेली बातमी ‘बाजारगप’ की ‘पक्की’, हा विवेक आपल्या कारकुनांनाही करावा लागे. गॉडफ्री यांच्या विभागाने त्या विवेकाला शिस्त लावली. बातमी आणणारा कितपत भरवशाचा, हे एका अक्षराने दाखवावयाचे, आणि खुद्द बातमी कितपत संभवनीय, हे एका अंकाने. दोहोंची गल्लत करावयाची नाही. नावडत्या माणसाने आणलेली बातमी खरी असू शकते. आवडत्या माणसाने आणलेली खोटी असू शकते. श्रोतेहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. मुंबईत गेल्यावर आपल्याला तिची आठवण करावी लागेल.

आणखी एक प्रसंग. १९४० च्या जानेवारीत चर्चिलसाहेब नौदलमंत्री होते. जर्मनीने ज्या पाणबुड्यांनिशी युद्ध सुरू केले, त्यांतील जवळजवळ निम्म्या बुडाल्या, असे त्यांनी राष्ट्राला सांगितले. ऐकावयास किती गोड! परंतु गॉडफ्री यांच्या विभागाचा हिशेब त्याहून पुष्कळ कमी होता, आणि चर्चिल यांच्यासारख्या प्रतापी मंत्र्यासमोर तो विभाग आपल्या कमी आकड्यावरून हटला नाही. युद्ध संपल्यावर जर्मन दप्तरे उघडली, तेव्हा तो कमी आकडाच खरा ठरला. वरिष्ठाला नको असलेले सत्य वरिष्ठाच्या तोंडावर सांगणे, हा या मनुष्याच्या चरित्रातील माझ्या मते सर्वांत तेजस्वी क्षण होय.

अशा माणसाचे सर्वांशी पटत नाही. गॉडफ्री स्वभावाने तापट होते, आग्रही होते; भूदल आणि विमानदल यांच्या गुप्तवार्ता प्रमुखांशी त्यांचे खटके उडत. १९४२ च्या अखेरीस त्यांना त्या पदावरून दूर केले गेले. त्याच वर्षी व्हाइस अॅडमिरलपद मिळाले होते, पण युद्धातील कामगिरीबद्दल त्यांच्या बरोबरीच्या इतरांना जे मानसन्मान लाभले, त्यांतला एकही त्यांच्या वाट्यास आला नाही. १९४३ साली त्यांची रवानगी हिंदुस्थानात झाली.

आणि येथे तिसरा भाग सुरू होतो.

त्या वेळचे हिंदी आरमार कसे होते? युद्धाच्या आरंभी त्यात दोन हजार माणसेही नव्हती; युद्ध संपताना ती संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली होती. कोकणातले, पंजाबातले, बंगालचे, मद्रासकडचे तरुण त्यात भरती झाले, आणि त्यांतील पुष्कळ शिकलेले होते. त्यांनी अराकानच्या खाड्यांत गस्ती घातल्या; ‘बेंगॉल’ या एवढ्याशा नौकेने १९४२ साली हिंदी महासागरात दोन जपानी जहाजांशी झुंज दिली आणि त्यांतले एक बुडाले. शौर्य याही खलाशांत कमी नव्हते. पण त्यांचा पगार गोऱ्या खलाशापेक्षा कमी होता, त्यांच्या ताटातले अन्न निकृष्ट होते, भरतीच्या वेळची आश्वासने हवेत विरली होती, आणि अपशब्दांवाचून हुकूम देता येतो हे पुष्कळ अधिकाऱ्यांना माहीत नव्हते. शिवाय या आरमाराचे मुख्यालय मुंबईहून हलवून दिल्लीस नेलेले होते. ज्या शहराला समुद्राचा वाराही लागत नाही, तेथे समुद्रसेनेचा प्रमुख बसत होता.

युद्ध संपले. लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला आणि देश ढवळून निघाला. कुलाब्यास ‘तलवार’ नावाचा आरमाराचा तळ होता. तेथे संदेशवहनाचे शिक्षण दिले जाई. १९४५ च्या डिसेंबरात, आरमार दिनाच्या सकाळी, त्या तळाच्या भिंतींवर ‘चले जाव’च्या घोषणा रंगवलेल्या आढळल्या. फेब्रुवारीच्या आरंभी सरसेनापतींच्या भेटीच्या वेळी त्या पुन्हा उमटल्या आणि बलाई चंद दत्त नावाच्या तारायंत्री खलाशाला अटक झाली. भिंत बोलत होती. दोन महिने बोलत होती. मघाशी सांगितलेल्या त्या पद्धतीने या बातमीला कोणते अक्षर आणि कोणता अंक द्यावयाचा होता? भरवसा किती, आणि संभव किती? पण ती बातमी म्हणून कोणी वाचलीच नाही. ती शिस्तभंग म्हणून वाचली गेली, आणि तिच्या लेखकाचा शोध घेण्यात सगळे बळ खर्ची पडले.

१८ फेब्रुवारी १९४६, सोमवार. ‘तलवार’वरील सुमारे अकराशे खलाशांनी अन्न आणि काम दोन्ही नाकारले. संदेश धाडणे हाच ज्यांचा पेशा, त्यांचा संदेश सेनाप्रमुखापर्यंत पोहोचत नव्हता. म्हणून त्यांनी तो आता बिनतारी यंत्रावरून जहाजाजहाजाला धाडला. दोन दिवसांत मुंबई, कराची, कलकत्ता, मद्रास, सगळीकडे काम थांबले. अठ्ठ्याहत्तर जहाजे, वीस तळ, वीस हजार माणसे, असा तो आकडा सांगितला जातो. एम. एस. खान आणि मदन सिंग यांना त्यांनी पुढारी निवडले. डोलकाठ्यांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट यांची निशाणे एकत्र चढली. त्यांच्या मागण्यांत चांगले जेवण होते आणि समान वेतन होते. त्याच यादीत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणा, हीही मागणी होती.

गॉडफ्री मुंबईस आले. २१ तारखेस कोटातील कॅसल बराकीत गोळीबार झाला. बाहेर पहाऱ्यावर मराठा पलटणीचे शिपाई होते. त्याच दिवशी दुपारी गॉडफ्री नभोवाणीवर बोलले, आणि त्या भाषणाचा आशय असा, की सरकारपाशी अफाट बळ आहे, ते पुरेपूर वापरले जाईल, मग त्यात ज्या आरमाराचा अभिमान बाळगला ते आरमार नष्ट झाले तरी चालेल. या धमकीला शहराने काय उत्तर दिले? गेट वेपाशी लोक अन्न घेऊन आले आणि होड्यांतून आलेल्या खलाशांच्या हाती त्यांनी ते दिले. २२ तारखेस परळ-लालबागच्या गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर सैन्य आले, आणि त्या एक-दोन दिवसांत मुंबईत दोनशेंहून अधिक माणसे गोळ्यांना बळी पडली. कार्यकर्त्या कमल दोंदे परळला याच गोळीबारात गेल्या. २३ तारखेच्या सकाळी, सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून, खलाशांनी शरणागतीची निशाणे चढवली.

मार्चमध्ये गॉडफ्री मायदेशी परतले. पाच सदस्यांचा चौकशी आयोग बसला. न्यायमूर्ती फाजल अली त्याचे अध्यक्ष होते. वर्णभेदाची वागणूक, सेवेतील अन्याय आणि अधिकारी व खलाशी यांच्यातील तुटलेला विश्वास, ही कारणे त्याने नोंदवली. म्हणजे जे दोन महिने भिंतीवर लिहिलेले होते, ते अखेर सरकारी कागदावर आले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. हे असे का झाले? गॉडफ्री मंदबुद्धी होते म्हणून? त्यांची बुद्धी आपण पाहिली. ते खुशमस्करे होते म्हणून? चर्चिल यांच्यासमोरचा आकडा आपण पाहिला. ते दुष्ट होते, असेही मी म्हणणार नाही. त्यांना लंडनमध्ये बॅरिस्टराचे ऐकता आले, दलालाचे ऐकता आले, समुद्रावर सुटी घालवणाऱ्या गृहिणीची तसबीरही त्यांना मोलाची वाटली. कारण त्या सगळ्यांच्या आणि त्यांच्या मध्ये एक समान हित होते. तेथे खरी बातमी आली तर दोघांचेही भले होणार होते. मुंबईत मात्र खरी बातमी एकच होती, आणि ती ‘तुम्ही जा’ ही होती. डाळ-भात सुधारता आला असता, पगार वाढवता आला असता, एखाद्या शिवराळ अधिकाऱ्याची बदली करता आली असती. पण मागण्यांच्या यादीतला तो दुसरा भाग ऐकून घ्यावयाचा, तर ऐकणाऱ्याला आपले पद, आपले निशाण आणि आपले जहाज सोडून उठावे लागले असते. परकी सत्ता आपल्या प्रजेचे पूर्णपणे ऐकू शकत नाही, कारण पूर्ण ऐकणे म्हणजे निघून जाणे. लंडनच्या मंत्रिमंडळाला हे उमगू लागले होते. संप सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ फेब्रुवारीस, मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ हिंदुस्थानात धाडण्याची घोषणा पार्लमेंटात झाली. पण जहाजावर जो उभा असतो त्याला उतरता येत नाही, तो तोफेकडे पाहतो.

सारांश सांगून मी आपली रजा घेतो. दारदानेल्सने गॉडफ्री यांना शिकवले, की अज्ञानाची किंमत खालच्या माणसाला मोजावी लागते. लंडनच्या त्या खोलीत त्यांनी दाखवून दिले, की ज्ञान कोणाकडूनही येऊ शकते, आणि ते वरिष्ठाला निर्भयपणे सांगितले पाहिजे. मुंबईने तिसरा धडा दिला, आणि तो त्यांच्याहून अधिक आपल्यासाठी आहे. वरून खाली हुकूम जातो तो धाकाच्या बळावर. खालून वर खरी बातमी येते ती विश्वासाच्या बळावर, आणि धाक वाढवून विश्वास मिळत नाही.

आज राज्य आपले आहे. आपल्या कचेऱ्यांत, गिरण्यांत, शाळांत, पालिकांत जे वरच्या खुर्चीवर बसतात त्यांना परके म्हणता येणार नाही, आणि म्हणून गॉडफ्री यांच्यापाशी जी सबब होती ती आपल्यापाशी नाही. आपल्याला पूर्णपणे ऐकता येते. ऐकल्याने आपल्याला देश सोडावा लागत नाही. कुलाब्यास त्या उठावाचे स्मारक उभे आहे. तेथून जाताना आपण क्षणभर थांबावे, त्या वीस हजारांना नमस्कार करावा, आणि मग आपापल्या जागी परत गेल्यावर, आपल्या हाताखालचा जो मनुष्य कित्येक दिवसांत काही बोललेला नाही, त्याला जवळ बसवून विचारावे, की बाबा रे, तुझे काय म्हणणे आहे?